पूजेतला पाना

प्रत्येक माणसाच्या आयुष्यात एक सत्य असं असतं, जे त्याच्यासोबत चितेपर्यंत जातं. माझं सत्य एका जीपच्या डाव्या बाजूच्या पुढच्या चाकात होतं, आणि ते किन्हवलीच्या अलीकडच्या वळणापर्यंतच गेलं.

ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. दोन-तीनदा अगदी ओठांवर आली होती, तेव्हा मी चहा मागवला. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, हे एक कारण. दुसरं मी अजून शोधतोय.

मुरबाडला हायस्कुलात मी मराठी शिकवायचो. नव्वदच्या दशकाचा शेवट असेल. पुस्तकं वाचायचो — जरा जास्तच — आणि ज्याने ती वाचलेली नाहीत त्याला ते जाणवेल अशा बेताने बोलायचो. सत्यनारायणाला जायचो ते शिऱ्यासाठी, आणि शिऱ्यासाठीच आलोय हे यजमानाला सांगायचोही. गावात अशा माणसाची एक जागा ठरलेली असते. उद्घाटनाला पुढारी लागतो, तसा पुढाऱ्याला हसायला एक मास्तर लागतो. ती जागा माझी होती. मी ती मनापासून सांभाळली.

बबन माझा शेजारी. बरीच वर्षं दुसऱ्याच्या जीपवर राबून त्या साली त्याने स्वतःची जुनी जीप घेतली होती. मुरबाड ते शहापूर सीटा भरायचा. शहापूरला रेल्वे आहे, कचेऱ्या आहेत, बाजार आहे; मुरबाडला एसटीची वाट पाहणं आहे. त्यामुळे बबनच्या जीपला माणसं कधी कमी पडली नाहीत. बोलघेवडा माणूस. पुढच्या सीटवर मला बसवायचा आणि मागच्यांना सांगायचा, "मास्तर हायत पुढं, कुनी शिव्या द्यायच्या नायत. द्यायच्याच तर शुद्ध द्या."

त्या जीपची ती पहिली खंडेनवमी. या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा करतात. शेतकरी कोयता-विळा मांडतो, सुतार रंधा मांडतो. बबनच्या घरात जॅक, पक्कड आणि चाकाचे नट आवळायचा पाना मांडायचं ठरलं होतं. एकदा पूजा झाली की हत्याराला हात लावायचा नाही, ते दसऱ्याला संध्याकाळी सोनं वाटून झाल्यावरच उचलायचं, असा त्यांच्याकडचा रिवाज. जीपला मात्र सुट्टी नव्हती. दसऱ्याला सकाळी झेंडू घेऊन शहापूरच्या बाजाराला जाणारी माणसं खोळंबून राहणार होती.

त्या दिवशी बबनने पंक्चर काढून ते डावं चाक परत बसवलं. नट आवळले. किती आवळले? जितके रोज आवळायचा तितके. मग जीप धुतली, आणि अंगणात जमलेली माणसं चर्चा करू लागली ती नारळ केवढा फोडायचा याची. मला राहवेना. मी ओट्यावरून म्हणालो, "अरे, गाडी नारळावर चालत नाही, नटावर चालते."

मला वाटलं, हशा पिकेल. वाक्य चांगलं होतं. मी ते सकाळपासून जपून ठेवलं होतं.

बबन हात पुसत म्हणाला, "मास्तर, नटाला पन नारळ लागतो ओ. नायतर तो पन रुसतो, नाटकातल्या नटावानी."

हशा पिकला. पण त्याच्या वाक्यावर. मराठीच्या मास्तरावर जीप ड्रायव्हरने श्लेष केला होता, आणि माझ्यापेक्षा चांगला केला होता. एवढंच कारण होतं. तुम्हाला मोठं कारण हवं होतं का? मलाही हवं होतं. इतकी वर्षं शोधलं — एवढंच सापडतं.

मग आत घटाची आरती सुरू झाली, सगळे आत गेले. मला कोणी बोलावलं नाही. मास्तर आरतीला येत नाही हे ठाऊक होतं. अंगणात मी आणि जीप. पाना चाकाशीच पडलेला.

मी ठरवलं — बबनने आवळलेल्या नटांत थोडी तरी ढिलाई सापडेल. मग तो बाहेर आला की सहज म्हणायचं, बघ, नारळाची काळजी केलीस, नट राहिला. केवढं साधं वाक्य. त्यासाठी फक्त नट आवळायच्या बाजूला थोडा फिरायला हवा होता.

नट फिरेना. हाताने जोर लावला, फिरेना. कोपऱ्यात बोअरिंगच्या पाइपचा एक तुकडा होता, तो पान्याच्या दांड्यावर चढवला. आता दांडा हातभर लांब झाला. त्यावर मी पाय ठेवला. मग दोन्ही पाय. मग — हे लिहिताना मला अंगणात कोणी पाहत नाही ना, असं अजून वाटतं — मी त्यावर उभा राहून उड्या मारल्या. आत टाळ्या चालू होत्या, त्यांच्या तालावर. एका नटावर, दुसऱ्यावर, सगळ्यांवर.

आणि नट फिरला.

पण कसा फिरला? इथे मला घाई करता येत नाही. जो नट इतका वेळ दगडासारखा अडून बसला होता, तो एकदम मऊ लागला. जोर तेवढाच, आणि पाना आपला सरकतोय, सरकतोय, जणू ओल्या मातीत. हात ओळखतो हो. बाटलीचं झाकण जास्त आवळलं की आटे जातात ना, ते जसं हाताला कळतं, तसं कळलं. काहीतरी ताणलं जाऊन आतून सुटलं होतं. मी स्वतःला सांगितलं, आता नीट बसला. मराठी माझा विषय. स्वतःची समजूत घालायला शब्द कधी कमी पडले नाहीत.

पाइप जागेवर ठेवला. तेवढ्यात सुमनवहिनी, बबनची बायको, ताट घेऊन बाहेर आल्या. "तो पाना द्या बघू, भावोजी. तुमी नाय मानत, पर आमाला मांडायचाय." मी दिला. त्यांनी तो धुतला, पुसला, त्याला हळदकुंकू लावलं. जॅकशेजारी पाटावर तो ऐटीत बसला.

आता सांगा, तेव्हा बोलायला काय लागणार होतं? "वहिनी, थांबा, एक नट बघायचाय." एवढंच. पण मग बबन विचारणार, तुमी हात कशाला लावलात? आणि अंगण पुन्हा हसणार. मी गप्प राहिलो. मनात म्हणालो, त्यांची श्रद्धा आहे, आपण कशाला मोडा. आयुष्यात पहिल्यांदा मी एका रिवाजाचा मान ठेवला. सोयीचा निघाला.

बबनची एक सवय होती. रोज पहिल्या फेरीआधी पाना घेऊन प्रत्येक नट एकदा चाचपायचा. दसऱ्याच्या सकाळी पाना पूजेत होता. त्याने चाकाला हात लावून नमस्कार केला आणि आम्ही निघालो. हो, मीही होतो, पुढच्या सीटवर. मला शहापूरला मेहुण्याकडे जायचं होतं. कदाचित नसतं तरी गेलो असतो. बाहेर राहवेना, आत बसून बोलवेना — वाटभर मी खिडकीतून वाकून चाकाकडे पाहत होतो. बबन म्हणाला, "मास्तर, उलटी येते काय? लिंबू देऊ?"

किन्हवलीच्या अलीकडे वळणावर आधी कडकड असा आवाज आला. मग चाक एकटंच आमच्या पुढे निघून गेलं. जीप भाताच्या खाचरात उतरली, आडवी झाली. पिकलेल्या भातावर सगळीकडे झेंडू. कोणी मेलं नाही. मागे बसलेल्या सोनीबाईचा हात मनगटात मोडला. वाडीवरची म्हातारी, टोपलीभर फुलं घेऊन निघालेली. बांधावर बसून, मोडलेला हात मांडीवर धरून तिने बबनला विचारलं, "नट आवळलं नवतंस का रे, बाबा?"

बबनने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. म्हणाला, "आवळलं व्हतं." मग जरा वेळाने, "— वाटतं."

ते "वाटतं" मी त्याच्या तोंडी घातलं. मी शेजारीच उभा होतो.

माणसं जमली, निदान झालं: नट ढिले होते. मी रस्त्यावर मागे चालत गेलो. डांबरावर एक नट पडला होता. ढिला नट सुटतो तो रिकामा सुटतो. याच्या आत बोल्टचा तुटका तुकडा अडकलेला होता, मान बारीक झालेली, ओढून लांबवल्यासारखी. तो नट मी उचलला आणि खिशात घातला. घाबरून हात गेला, असं म्हणता आलं असतं. पण मी आधी मागे वळून पाहिलं होतं, कोणी बघतंय का ते. नंतर परतताना पुलावरून नदीत टाकला.

जीप दुरुस्त होऊन परत स्टँडवर लागली, तेव्हा बबनचं नाव पडलं — ढिल्या. "ए ढिल्या, आवळलंस का आज?" दुसरे ड्रायव्हर म्हणायचे, मग सीटा म्हणू लागल्या, मग त्या दुसऱ्या जीपमध्ये बसू लागल्या. सुरुवातीला बबन हसून उत्तरं द्यायचा. मग उत्तरं थांबली. सुमनवहिनींनी स्वतःला दोष लावून घेतला, की पाना आपण मांडला म्हणून. माझे पुरोगामी मित्र म्हणाले, बघा, अंधश्रद्धा. मी मान हलवली. कोणत्या बाजूला, ते मुद्दाम नीट दिसू दिलं नाही.

पण याहून वाईट पुढे आहे. बबन आता दर थांब्यावर खाली उतरायचा आणि नट आवळायचा. तोही पाइप घालून. तोही पाय देऊन. लोकांना दिसावं म्हणून, आणि स्वतःलाही पटावं म्हणून. मी पुढच्या सीटवर बसून ते बघायचो. जे घडलं होतं तेच तो पुन्हा घडवायची तयारी करत होता, आणि हे त्या जीपमध्ये फक्त मला माहीत होतं. एकदा, एकदाच, म्हणालो, "बेताने रे, बबन. फार आवळू नये." त्याने वर न बघता म्हटलं, "मास्तर, तुमीच म्हनलात ना, गाडी नटावर चालते."

मी खाली उतरलो नाही. पण दुसऱ्या दिवसापासून एसटीने जाऊ लागलो. त्याच्या जीपमधल्या बाकीच्या माणसांना मी काहीही सांगितलं नाही.

पुढे मी स्वतः जुनी कार घेतली. तिच्यासोबत आलेल्या पुस्तिकेत चाकाचे नट किती आवळायचे ते दिलेलं होतं — इतके, आणि याहून जास्त नाही. जास्त आवळल्यास बोल्ट ताणला जाऊन तुटतो. तेव्हा कुठे मला कळलं, असं मला लिहिता आलं असतं. लिहिणार नाही. मला आरती चालू असतानाच कळलं होतं.

बबनच्या जीपचं पुन्हा काही झालं नाही. तो केवळ योग. वर्षभरात त्याने ती विकली. शहापूरजवळ एका गोदामावर तो पहारेकरी म्हणून लागला. वाकड्या जुळलेल्या हाताने सोनीबाई पुढे बरीच वर्षं बाजारात बसायची; मी तिच्याकडून फुलं घेत नसे, पलीकडच्या रांगेतून जायचो. बबन अजून भेटतो. तब्येत विचारतो. त्याला मी सांगितलेलं नाही. आज हे लिहून झाल्यावर सांगेन का? तसं काही वाटत नाही. वाटलं असतं तर आधी त्याच्याकडे गेलो असतो, तुमच्याकडे नाही.

अपघातानंतर दोन-तीन वर्षांनी तालुक्यात रस्ता सुरक्षा सप्ताह झाला. अपघातातून वाचलेले आणि बोलता येणारे, असे वक्ते त्यांना हवे होते. मी "ढिलाईचे परिणाम" या विषयावर बोललो. बबनचं नाव घेतलं नाही. गरज नव्हती, सगळ्यांना माहीत होतं. भाषण फार रंगलं. त्याच कार्यक्रमात मला तालुक्याच्या रस्ता सुरक्षा समितीवर घेतलं.

अजून आहे मी तिच्यावर. वर्षातून एकदा बैठक असते. चहा आणि बिस्किटं देतात.