नसीमाने करून दिलेली वाट

मी मनोविकारतज्ज्ञ. घर दूधविनायकाला, पिढ्यान्‌पिढ्या काशीतलं, आणि घराचं दैवत राम. दिवेलागणीला रामनाम घेतल्याशिवाय आमच्याकडे कुणी पानावर बसत नाही. शहरात दंगल झाली त्या वर्षी मात्र ते नाव माझ्या ओठांवर अडखळू लागलं. दंगलीत होरपळलेली माणसं दवाखान्यात येत होती. त्यांतल्या एकीला नसीमा म्हणू. खरं नाव सांगत नाही. तिला गल्लीत अडवणारा जमाव रामाचंच नाव ओरडत होता. तेव्हापासून अरुंद गल्ली दिसली की तिला दरदरून घाम फुटायचा, पाय जागीच खिळायचे. तिची लेक पहिलटकरीण, सातवा महिना लागलेला, आणि सासर मदनपुऱ्यात, गल्लीच्या पार आत. बाळंतपणाला आई तिच्याजवळ पोचणार की नाही, हाच प्रश्न होता. मी देवाला विचारलंही, तुझ्या नावाने हे झालं, आता कुणाच्या नावाने हिला बरं करू? विचारताना मला त्याचा रागच आला होता.

आमच्या उपचारात भीतीकडे थोडं थोडं चालत जायचं असतं, डॉक्टरला सोबत घेऊन. कित्येक आठवडे आम्ही रुंद रस्त्यांवरून फिरलो. मग मी माझ्याच ओळखीची एक गल्ली निवडली, दुपारची निवांत वेळ साधली. मिरवणूक आहे का, वरात आहे का, शाळा कधी सुटते, सगळं आधी विचारून ठेवलं. नसीमा भिंतीला हात लावत निम्म्यापर्यंत आली, आणि मागच्या वळणावरून आवाज उठला, "राम नाम सत्य है!"

मणिकर्णिकेकडे निघालेली अंत्ययात्रा होती. आमच्या गल्ल्यांतून त्या दिवसभर जातात. काशीत जन्मलेल्याला तो आवाज कानांवर पडूनही ऐकू येत नाही, म्हणून नेमकं तेच विचारायचं मला सुचलं नव्हतं. एवढं शिकून अक्कल गहाण! सगळी मेहनत पाण्यात गेली, ही बाई आता घराबाहेरसुद्धा पडणार नाही, एवढंच डोक्यात. गल्लीच्या मधोमध मी खांबासारखी उभी. रामा, आता तूच बघ, असं म्हटलं खरं, पण त्यात प्रार्थनेपेक्षा तक्रारच जास्त होती.

तेवढ्यात माझा दंड कुणीतरी घट्ट धरला. नसीमाच होती. "डॉक्टर साहिबा, मय्यत है. रास्ता दीजिए," म्हणत तिने मला एका ओट्याकडे ओढलं. ओढणीचं टोक तिने दातांत धरलेलं, पण डोळे उघडे होते. लाल चुनरीने झाकलेली तिरडी आमच्यासमोरून गेली. मागून एक अनवाणी माणूस "अम्मा, अम्मा" करत रडत चालला होता. नसीमाने मान झुकवली. शेवटचा माणूस वळून दिसेनासा झाला तरी ती तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "किसी की माँ थी. हमको बिटिया के यहाँ जाना है. आज ही."

माझ्या हिशेबात ही पायरी फार पुढची होती. पण मी रिक्षा बोलावली. मदनपुऱ्याच्या गल्लीत ती पुढे आणि मी मागे. वाटेत ती थांबली, रडली, पुन्हा चालू लागली. थोड्याच दिवसांत तिच्या मांडीवर नात आली. भीती पुरती गेली असं नाही. औषधं आणि भेटी पुढेही चालूच राहिल्या.

याला चमत्कार म्हणायचं का, हे मला ठाऊक नाही आणि मी त्यावर वादही घालत नाही. उपचार मी आजही आखूनच करते. फक्त ते आखलेलं कुणी हातातून काढून घेतलं, तर आता भांडत नाही, हात जोडते. त्या दिवशी गेलेल्या बाईचं नाव मला कधीच कळलं नाही. दर सर्वपित्रीला आमच्या पितरांसोबत मी तिच्यासाठीही एक पान वाढते. पहिल्या वर्षी आईने विचारलं, "अगं, हे ज्यादा पान कुणासाठी लावलंस?"

मी म्हटलं, "नसीमाच्या खऱ्या डॉक्टरीणबाईंसाठी."