वाडीच्या गोदामातला ‘गा’

उमरेडहून एसटी सुटली तेव्हा कंडक्टरनं विचारलं, “दवाखान्यात का, काकू?” माझ्या वयाची बाई एकटी नागपूरला निघाली की लोकांना दुसरं काही सुचतच नाही. नवं नाटक पाहून त्यावर आपल्या साप्ताहिकात लिहायचंय म्हटल्यावर तर त्यानं माझ्याकडे जास्तच काळजीनं पाहिलं.

नागपुरात उतरल्यावर आधी तर्री-पोहे खाल्ले (तर्री म्हणजे पोह्यांवर ओततात तो हरभऱ्याचा जाळ रस्सा). नव्या छोट्या नाटकांना जायचं तर पोट भरलेलं हवं. ती मध्यंतर देत नाहीत. मध्यंतरात प्रेक्षक घरी जातात, हे त्यांना कळून चुकलंय.

प्रयोग होता अमरावती रोडवर, वाडीला, एका रिकाम्या गोदामात. ऑटोवाल्यानं ट्रकांच्या गर्दीतून आधी सिमेंटच्या गोदामात नेलं, मग कुलरच्या. पुढच्यात सतरंजी दिसली तेव्हा ओळखलं, कला इथंच असणार. दिग्दर्शक अनिकेत पुण्याला शिकून आलेला, गळ्यात दुपट्टा. नाटक संगीत आहे आणि ‘आपल्या मातीतल्या बोलीत’ आहे, असं त्यानं दोनदोनदा सांगितलं. संगीत म्हणजे एक पेटी, बाकी बाहेरच्या ट्रकांचे हॉर्न. नेपथ्य म्हणजे बांबूची शिडी. ती आधी झाड झाली, मग विहीर, आणि शेवटी बहुतेक नियती.

माझ्या शेजारी बसले होते कुहीचे देवरावभाऊ, नायिका झालेल्या शीतलचे वडील. ओळख होते न होते तोच त्यांनी सांगून टाकलं, की पोरीला आजच घरी न्यायचं, नाटक बंद. शीतल फोनवर आईशीसुद्धा ‘मले’, ‘तुले’ सोडून ‘मला’, ‘तुला’ करते म्हणे.

“पुस्तकावाणी बोलते, ताई. आपली पोरगी हाय का दुसऱ्याची, समजत नाही,” ते म्हणाले.

नाटक सुरू झालं. वरणावर कोथिंबीर भुरभुरावी तसं अनिकेतनं दिसेल त्या शब्दाला ‘ले’ लावलं होतं. नायक चक्क ‘मीले भूक लागली’ म्हणाला. शीतल बिचारी पाठ केलेलं मुकाट म्हणत होती. भाऊंचा चेहरा उतरत चालला. चपलाही त्यांनी जवळ ओढून घेतल्या.

शेवटच्या प्रवेशात नायिका गाव सोडून निघते. नायकानं शिडीला मिठी मारली आणि आर्त हाक दिली, “थांब गा! नको जाऊ गा!”

(आपला अंक पुण्याकडे दिलेल्या लेकींकडेही जातो, त्यांच्यासाठी सांगते. आपल्याकडे ‘गा’ पुरुषाला म्हणतात. बाईला ‘वं’.)

सतरंजीवर खसखस पिकली. नायक गोठला. शीतल थांबली, वळली, शिडीच्या मागं डोकावून आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, “कोणाले बलावून राहिली वं बाई? इथं तर कोणी माणूस नाही.”

गोदामाचे पत्रे हादरले. देवरावभाऊ डोळे पुसत मला म्हणाले, “अस्सीच बोलते हिची माय मले.”

हशा ओसरायच्या आत शीतलनं निरोपाचं गाणं उचललं. मघापासून पाच गाणी झाली होती, पण कोणीतरी खरंच गाव सोडून चाललंय असं आता वाटलं.

प्रयोगानंतर अनिकेत पडेल चेहऱ्यानं माझ्याकडे आला. शोकांतिकेचा तमाशा झाला, पुढच्या वेळी तो ‘गा’ काढून टाकतो, एवढं लिहू नका, असं सांगू लागला. तेवढ्यात अर्धा रंग पुसलेली शीतल वडिलांसमोर येऊन उभी राहिली.

“बॅग भरू काय, बाबा?”

भाऊंनी तिच्याकडे पाहिलंच नाही. अनिकेतलाच म्हणाले, “काहून काढता गा तो? राहू द्या ना. पुढच्या खेळाले तिच्या मायले आणतो मी.”

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मी परीक्षण मनात जुळवत होते. शुद्ध भाषेचा आग्रह धरायची खोड मलाही आहे, बोली असली म्हणून काय झालं. म्हणून लिहिलं, की नाटकात चुका फार आहेत, ‘मीले’ तर आधी काढा. पण त्या ‘गा’ला कोणी हात लावू नका. शीतलच्या आईनं तो अजून ऐकायचाय.