बाथरूम बघून धरलेली नोकरी

मी ट्रेलर चालवतो. न्हावा शेवा बंदरातून कंटेनर उचलायचा आणि इंदूर, लुधियाना, हैदराबाद, जिथे सांगतील तिथे पोचवायचा. आमच्या घरची मिठागरं होती. ती गेली, बंदर आलं आणि आमच्या गावातली निम्मी पोरं स्टिअरिंगवर बसली. त्यातलाच मी एक.

जुन्या मालकाने धंदा बंद केला तेव्हा मला दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. एक मोठी कंपनी होती. कोरी गाडी, एसी केबिन, मागे झोपायला रुंद बर्थ. दुसरं एका म्हाताऱ्या कच्छी बाईचं यार्ड. नवरा गेल्यापासून ती एकटीच चालवत होती, गाड्याही जुन्याच. मी मनातल्या मनात कोऱ्या गाडीला हार घालून मोकळा झालो होतो.

बायको म्हणाली, "मी पन येते बगाया."

"नोकरी मी करणार. तू काय बघणार?"

"तुमी ऱ्हानार कुठं, ते बगनार. घरी असता किती? पावन्यासारखं येता नि जाता."

तिचं खरंच होतं. जुन्या यार्डात आम्ही टँकरच्या पाण्याने उघड्यावर आंघोळ करायचो, उन्हाळ्यात केबिन तापली की ट्रेलरखाली चटई टाकून पडायचो. अंगभर घामोळं घेऊन घरी यायचो आणि जेवायच्या आधीच झोपायचो. हे सगळं तिने बघितलं होतं.

मोटरसायकलवरून आम्ही आधी कंपनीत गेलो. मॅनेजर तरुण होता, वागायला गोड. त्याने गाडी दाखवली. बायकोने साडीचा पदर खोचला, केबिनमध्ये चढली आणि बर्थवर सरळ आडवी झाली. या कुशीवरून त्या कुशीवर वळून बघितलं.

"बरी हाय," ती खाली उतरून म्हणाली. "गाडी यार्डात उभी असली की आंघोल कुठं करायची?"

"समोर पेट्रोल पंप आहे ना, वहिनी."

"आनि गाडीच दुरुस्तीला गेली, तर झोपायचं कुठं?"

त्याने डोकं खाजवलं. "खरं सांगू? हे आजवर कोणी विचारलंच नाही. तशी सोय नाहीये आपल्याकडे."

खोटं बोलला नाही म्हणून तो तिला आवडला. त्याने दिलेलं थंड सरबत तिने सगळं प्यायलं. पण रस्त्याला लागल्यावर मी म्हणालो, "असली गाडी पुन्हा मिळायची नाही हां," तेव्हा ती मागून म्हणाली, "आधी ती दुसरी जागा बगू."

कच्छी बाई यार्डाच्या दारातच खुर्ची टाकून बसली होती. "आवो, आवो," म्हणत तिने आम्हाला जिना चढून वर नेलं. वर मोठी खोली होती. रांगेत खाटा, खिडक्यांना मच्छरजाळी, प्रत्येक ड्रायव्हरला चावीचं कपाट. पलीकडे स्वयंपाकाची जागा. तिथे एक बिहारी ड्रायव्हर बटाटे सोलत बसला होता. मागच्या गच्चीवर आणखी एक शेगडी दिसली.

"ही बाहेर कशाला?" बायकोने विचारलं.

"मासळीसाठी," बाई म्हणाली. "मला वास सहन होत नाही, पण कोणाच्या खाण्याला मी ना नाही बोलत."

बायकोच्या चेहऱ्यावरून मला कळलं की अर्धं काम झालं. मग तिने बाथरूमचं दार ढकललं आणि नळ फिरवला. नळातून फुस्स आवाज आला. पाणी नाही.

बाई खजील झाली. "पंप बिघडलाय, बेन. उद्या करते, उद्या करते, असं चाललंय."

"मग ही मान्सं काय करतात?"

"बाल्टी से, भाभी," बिहारी ड्रायव्हर आतून म्हणाला.

आता ही जिना उतरणार असं मला वाटलं. पण ती म्हणाली, "बिघडलाय म्हंजे हाय तरी. आजच मानूस बोलवा. आनि यांना गनपतीला सुट्टी पायजे."

"गणपतीत सगळेच मागतात. गाड्या कोण चालवणार?"

"सगले कुठं मागतात? या भाऊंना गनपतीत काय काम? यांच्या सनाला आमचे हे गाडी नेतील, आमच्या सनाला हे."

बाई बिहारी ड्रायव्हरकडे वळली. "छठ को घर जाना है?"

त्याने सुरी खाली ठेवली. "जाना तो हर साल है, मिलता कहाँ है?"

बाईने पदरातून मोबाईल काढला आणि आमच्यासमोरच पंपवाल्याला फोन लावला. तो संध्याकाळपर्यंत येतो म्हणाला, आणि आलाही. मी तिथेच नोकरी धरली.

पहिली खेप लुधियानाची होती. परत येऊन गाडी लावली, वर गेलो आणि गरम पाण्याने आंघोळ केली. बोटं सुरकुतली तरी बाहेर यावंसं वाटेना. गच्चीवर कोणीतरी बोंबील भाजत होता. पोटभर जेवून, ताणून झोपून, ताजातवाना घरी गेलो. बायकोने मला दारात वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "आज मानसात दिसता." त्या दिवशी आम्ही चालत चालत बाजारात गेलो. असं आम्ही कित्येक वर्षांत गेलो नव्हतो.

गणपतीला बाईने शब्द पाळला. माझी खेप बिहारी ड्रायव्हरला मिळाली. पण बंदराबाहेर गाड्यांची रांग लागली आणि त्याचा कंटेनर दुसऱ्या दिवसावर गेला. मला कळलं तसं मी त्याला फोन केला, "गाडी यार्डात लाव आणि घरी ये." तो आला तो नवा शर्ट घालून आणि हातात केळ्यांचा घड घेऊन. बायकोने त्याला पाटावर बसवून मोदक वाढले. तुपाची धार धरली की तो "बस, भाभी" म्हणायचा आणि ताट मात्र मागे घ्यायचा नाही.

संध्याकाळी खाडीवर विसर्जनाला तो आमच्यापुढे नाचला. गावातल्या बायका विचारत होत्या, हा कोण? बायको सांगत होती, "यांच्याबरोबर ऱ्हातो, वरच्या खोलीत." नाचून घामाघूम झाल्यावर त्याने गावी आईला व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाईल उंच धरून तिला एकेक गणपती दाखवत पाण्याच्या कडेने चालत राहिला.