फितीवरचा ळ

डोईफोडियाच्या शिवारात वारा सुटला, की ज्वारीवर ताणलेली काळसर फीत भुणभुणू लागते. ऊन पडले की लखलखते, आणि कणसांवर उतरू पाहणारी पाखरे बिचकून माघारी फिरतात. पाहणाऱ्याला वाटावे, किती साधी, किती निरुपद्रवी युक्ती! मला मात्र त्या फितीकडे मान वर करून पाहवत नाही. तिच्यावर आमच्या शाळेतल्या कित्येक पिढ्यांची नावे आहेत, आणि तिला तिथे मीच पोचवले आहे.

हिंदी राज्यातल्या आमच्या शिक्षणसंस्थेच्या पाचही शाळांचे दप्तर एका यंत्रणेत जोडण्याची ती वर्षे. लालबागेतल्या कार्यालयात संगणकाचा कारभार माझ्याकडे होता. सिंधीपुऱ्यातल्या मराठी शाळेची जुनी दप्तरे वाळवीने खाल्ली. पण त्याआधीच कुसुमबाईंनी, माझ्या पहिलीच्या बाईंनी, निवृत्तीनंतर तीन वर्षे खपून त्यांतले एकेक नाव संगणकात उतरवले होते. त्याची प्रत दर शनिवारी टेपवर, म्हणजे डबीतल्या चुंबकीय फितीवर, निघे. टेप म्हणजे संथ प्रकृती. शेवटचे नाव हवे असेल, तर म्हातारे माणूस गोष्ट सांगते तसे तिला पहिल्यापासून उलगडू द्यायचे. मग प्रत ठेवायला डिस्क आली. मागितले की क्षणात हजर! रोज संध्याकाळी मूळ माहितीबरहुकूम ती जुने पुसून ताजे मांडी. तिच्या चपळाईवर मी असा भाळलो, की टेपांचे खोके अडगळ ठरवून आमचे शिपाई दशरथभाऊ यांना देऊन टाकले. "साहेब, कामाचं तं नाही ना काही याच्यात?" त्यांनी बिचाऱ्यांनी विचारले होते. "पाखरं हाकला," मी हसून म्हणालो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरे काय!

चपळ सेवक निराळा आणि विश्वासू साक्षीदार निराळा, हे तेव्हा कुठे उमगले होते? नव्या हिंदी यंत्रणेला 'ळ' चालेना, म्हणून मी एका फटक्यात सगळ्या 'ळ'चे 'ल' केले. गोकुळ गोकुल झाला, माळी माली झाले, आणि डिस्कने त्याच संध्याकाळी माझी चूक इमानेइतबारे उतरवून घेतली. आरसा कालचा चेहरा थोडाच जपून ठेवतो? पुढे यंत्रणेत 'ळ'ची सोय झाली. पण परतवायचे कसे? शाळेत कमला होत्या तशा कमळाही होत्या. कोणती कोण, हे फक्त टेपांना ठाऊक. मी डोईफोडियाला दशरथभाऊंच्या शेतावर धावलो, तर डबीतून निघालेली फीत ऊनपावसात शेतभर ताणलेली.

त्याच आठवड्यात बाई कुणाच्या तरी दाखल्यासाठी आल्या आणि पडद्यापाशी थबकल्या. "हे कोन रे? माझ्या वर्गात असे कोनी नव्हते." यंत्रणेने 'ळ' खाल्ला, एवढे मी सांगितले. "मंग टेपातून काढून घे न. तिच्यात तं असतीन." आणि त्यांच्याच हाताखाली मुळाक्षरे गिरवलेला, पन्नाशी गाठलेला मी म्हणालो, "टेपा खराब झाल्या, बाई."

"मशीनचं काय, बिघडतेच. तू कायले मनाला लावून घेतो?" त्यांनी मलाच धीर दिला.

तेव्हापासून त्या रोज सकाळी येतात, चष्मा पुसतात, आणि हजेरी घ्यावी तशी नावे पुटपुटत आठवणीतून एकेक 'ळ' जागेवर बसवतात. एखादे मूल आठवेनासे झाले, की वय झाले रे म्हणून माफी मागतात. आणि तीही कोणाची, तर माझी! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे होते. खरे सांगायला तोंड उघडावे, तोच त्या माझ्या मेहनतीचे कौतुक करतात, आणि मी पुढचे नाव वाचून दाखवतो. भित्रेपणाला वय नसते हेच खरे.

काल यादीत आमची पहिलीची तुकडी आली. पडद्यावरच्या 'काले' या नावावर बोट ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिले. "तू काळेच ना रे? का मीच विसरली?"

"हो बाई, काळेच," मी म्हणालो. इतक्या महिन्यांत त्यांच्याशी मी एवढे एकच खरे बोललो.