साक्षगंधाचा आहेर आणि चोरीची फिर्याद

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं आणि मागोमाग डोकं तापतं. आता निवृत्त होऊन बसलोय, रक्तदाबाची गोळी सुरू आहे. बायको म्हणते, कशाला जुनं उकरता. पण ही केस सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांची आठवण मी स्वतःहून काढत नाही. ही मात्र काढतो, कारण हिच्यात ज्याने जिंकायला पाहिजे होतं तोच जिंकला.

अमरावती-अकोला रस्त्यावरच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. हद्दीत रस्त्याला लागून एक मोठं हॉटेल होतं. समोर जेवणाचा हॉल, मागे लॉन. आमच्याकडे साखरपुड्याला साक्षगंध म्हणतात. लग्नतिथींच्या दिवसांत त्या लॉनवर रोज कोणाचं तरी साक्षगंध असायचं आणि बंदोबस्तावरून येताजाता आम्हाला बुंदीचा वास यायचा. मालक गावातलं बडं प्रस्थ. गणपतीच्या वर्गणीत पहिलं नाव त्याचं, शांतता समितीच्या बैठकीत पहिली खुर्ची त्याची.

एका दुपारी मी टपाल पाहत होतो. बाहेर गाडी थांबली आणि मालक आत आला. त्याच्या मागे दोन जणांनी एका वेटरला दंडाला धरून आणलं. वेटर तिशीच्या आतला, अंगाने किरकोळ, बाळापूर तालुक्यातल्या एका खेड्यातला. मालकाने खुर्ची ओढली आणि फर्मान सोडल्यासारखं सांगितलं की हा चोर आहे, काल साक्षगंधाच्या कार्यक्रमात याने हॉटेलचे पैसे खिशात घातले, सीसीटीव्हीत सगळं आलंय, गुन्हा दाखल करा आणि आधी याला दोन लावा.

हे ‘दोन लावा’ मी नोकरीभर ऐकत आलो. लोकांना वाटतं पोलीस म्हणजे भाड्याचा दंडा, गाडीत घालून माणूस आणला की आम्ही सुरू. माझं टाळकं तिथंच सरकलं. तरी मी तोंडावर काही दाखवलं नाही. तक्रार आली की ती घ्यायची, स्टेशन डायरीला नोंद करायची आणि मग बोलायचं, असा माझा शिरस्ता होता. मालकाला मी लेखी अर्ज लिहायला बसवलं.

तेवढ्यात आमचे ठाणे अंमलदार माझ्याजवळ आले. जुने हवालदार, अर्धी नोकरी अचलपूरला काढलेली, बोलायला कमी आणि बघायला जास्त. हळूच म्हणाले, “साहेब, त्याच्या कपाळाकडे पाहा.”

मी पाहिलं. वेटरच्या कपाळावर कुंकवाचा टिळा होता, घामाने पसरलेला, पण ठसठशीत. मळकट युनिफॉर्मच्या शर्टावर गळ्यात कोरा करकरीत दुपट्टा. चोरी केलेला माणूस मी पुष्कळ पाहिला आहे. कोणी दारू पिऊन येतो, कोणी देवाची शपथ घेत येतो. टिळा लावून, दुपट्टा घेऊन आलेला चोर मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्यात साक्षगंध तर काल झालेलं, मग कालचा टिळा आजपर्यंत राहिला कसा, हेही मला कळेना.

वेटरला मी बाजूच्या खोलीत घेतलं, पाणी दिलं, बस म्हणालो. तो बसायला तयार नव्हता. मी विचारलं, पैसे घेतले का. तो सरळ म्हणाला, घेतले. असा कबुलीजबाब मिळाला की नवशिक्या अधिकाऱ्याला आनंद होतो. मला शंका येते. मी विचारलं, कोणाचे घेतले. तो म्हणाला, “माह्येच व्हते साहेब. मले देल्ले व्हते. पन मालक म्हनते डब्ब्यात टाक.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. हॉटेलच्या काउंटरवर कुलूप लावलेला एक डबा होता. गिऱ्हाइकाने वेटरच्या हातावर काही ठेवलं की वेटरने ते त्या डब्यात टाकायचं, खिशात हात गेला तर नोकरीतून बाद. किल्ली मालकाकडे. डब्यातलं कोणाला कधी वाटलेलं या पोराने पाहिलं नव्हतं. काल त्याने पहिल्यांदा पैसे डब्यात टाकले नाहीत. मालकाने त्याला सामानाच्या खोलीत कोंडलं, खिसे उलटे करून पैसे काढून घेतले आणि रात्रभर तिथंच ठेवलं. दुपारी गाडीत घालून थेट ठाण्यात. टिळा कालचाच होता, कारण त्याला तोंड धुवायलाही बाहेर काढलं नव्हतं.

मी म्हणालो, एवढं होतं तर गप्प का बसलास, ओरडला का नाहीस. तेव्हा तो पहिल्यांदा खाली बसला. म्हणाला, बहिणीची सोयरीक लागून राहिली आहे. आठवड्याभरात पोराकडचे पसंती कळवणार आहेत. त्यात भाऊ चोरीत सापडला असं गावात गेलं तर ती माणसं उंबऱ्यालाही येणार नाहीत. “मले काई बी करा साहेब, पन चोरीचं नाव नोका लावू. तिचं लगन मोडन.”

मालकाला या पोराला धडा शिकवायचा होता, म्हणजे बाकीचे वेटर सरळ राहतील. पण त्या धड्याची किंमत घरी बसलेली एक मुलगी मोजणार होती आणि तिचा या सगळ्याशी काहीएक संबंध नव्हता.

मी बाहेर आलो. अर्ज लिहून झाला होता. मालकाने मोबाईल पुढे केला. चित्रफितीत वेटर नोटा घडी करून खिशात घालतो, एवढंच. मी म्हणालो, छान आहे, आता याच्या आधीचं दाखवा. तो म्हणाला, आधीचं उडालं. मी म्हणालो, उडायला ते काय पाखरू आहे, आणि अंमलदारांना हॉटेलवर पाठवलं. त्यांनी पंचांसमोर रेकॉर्डिंगची पेटी ताब्यात घेऊन आणली. या वेळात कुठल्याशा पुढाऱ्याचा फोन येऊन गेला. मी त्यांना नम्रपणे सांगितलं की तक्रारदार तुमचाच माणूस आहे आणि त्याच्याच तक्रारीचा तपास करतोय, तर तुम्ही खूश व्हायला पाहिजे. फोन बंद झाला.

पेटी माझ्या टेबलावर लावली. मालक शेजारीच बसलेला, अजून रुबाबात. पडद्यावर साक्षगंधाची पंगत उठल्यावरचं चित्र आलं. धोतर नेसलेला एक म्हातारा माणूस वेटरला हाताला धरून मधोमध उभा करतो. एक बाई ताट घेऊन येते. म्हातारा वेटरला टिळा लावतो, गळ्यात दुपट्टा घालतो, डोक्यावर टोपी ठेवतो आणि मग नोटा त्याच्या हातावर ठेवून हात जोडतो.

मी मुद्दाम काही बोललो नाही. चौकशीत गप्प बसणं हे मोठं हत्यार आहे, समोरचा माणूस ती शांतता स्वतःच भरून काढतो. मालकाने चित्राकडे पाहिलं आणि तो सहज, घरच्यासारखा बोलून गेला, “हे काय हाय साहेब, हा त आहेर व्हय. याचं काय घेऊन बसले?”

वऱ्हाडातला माणूस दुसरं काय म्हणणार? टिळा लावला, दुपट्टा टाकला, हातावर पैसे ठेवले, म्हणजे आहेर. त्याला टिप म्हणायला जीभ वळत नाही. शहरातला माणूस असता तर ‘टिप’ म्हणून सुटला असता.

मी विचारलं, “शेठ, आहेर कोणाचा असतो? ज्याला टिळा लावला त्याचा, की जागेच्या मालकाचा?”

अंमलदार खिडकीकडे पाहत होते, पण त्यांचे खांदे हलत होते. माणूस हसतोय हे पाठीमागूनही कळतं.

टिळा लावणारा कोण हे लगेच कळलं, कारण लॉन त्यांच्याच नावाने घेतलं होतं. जिचं साक्षगंध होतं त्या मुलीचे मामा. नांदगाव खंडेश्वरकडे झेंडू आणि शेवंतीचा मळा करणारे, दर सकाळी अमरावतीच्या बाजारात फुलं आणणारे. निरोप मिळताच संध्याकाळच्या आत आले, तेही तावातावाने. त्यांचा जबाब मी स्वतः घेतला. वरपक्षाकडून ठरल्यापेक्षा दोन जीपगाड्या माणसं जास्त आली होती आणि पोळ्या संपत आल्या. मालक म्हणाला, जास्तीच्या ताटांचा हिशेब आधी करा, मग चूल पेटेल. व्याही पंगतीत बसलेले, मामांची तर गाळण उडाली. तेव्हा या वेटरने आपल्यासाठी आणि सोबत्यांसाठी काढून ठेवलेलं जेवण वाढपात मिसळलं, आचाऱ्याच्या हातापाया पडून पोळ्या लाटून घेतल्या आणि वाढणं इतकं सावकाश केलं की वरपक्षाला काही कळलंच नाही. वाढपी मात्र उपाशी राहिले. मामांना हे नंतर आचाऱ्याने सांगितलं.

“आमची इज्जत राखली त्या पोट्ट्यानं,” मामा म्हणाले. “मी त्याले आहेर केला. मालकाले मी बिल देल्लं. आता याले चोर म्हनते? मंग मले बी लिवा त्याच्यात.”

चोरी म्हणजे दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू लबाडीने नेणं. इथे देणारा समोर उभा होता आणि कोणाला दिलं ते छातीठोक सांगत होता. मालकाची तक्रार खोटी म्हणून निकालात निघाली. मग मी वेटरची फिर्याद घेतली, डांबून ठेवल्याची आणि पैसे हिसकावल्याची. मालकाला आरोपीच्या रकान्यात आपलं नाव वाचताना घाम फुटला.

घाम फुटलेला माणूस बडबड करतो. त्याने स्वतःच सांगितलं की डब्यातले पैसे मी थोडेच खातो, त्यातूनच तर यांना पगार देतो, माझ्या खिशातून कशाला देऊ? मला हसावं की कपाळ बडवावं कळेना. गिऱ्हाइकाने या पोरांना दिलेला पैसा काढून घ्यायचा आणि महिन्याच्या शेवटी तोच पगार म्हणून त्यांच्या हातावर ठेवायचा. म्हणजे याच्याकडे माणसं फुकट राबत होती आणि वर त्याचे पाय धरत होती. मी लगेच अकोल्याच्या सरकारी कामगार अधिकाऱ्यांना पत्र दिलं. ते गृहस्थ कामाचे निघाले. हॉटेलची तपासणी केली, सगळ्या वाढप्यांचे जबाब घेतले. त्यांनी मालकाला एका दमात सांगितलं की किमान वेतन मालकानेच द्यायचं, पूर्ण आणि वेळेवर, आणि गिऱ्हाइकाची बक्षिशी त्यात धरता येणार नाही. सुनावण्या चालल्या. मालकाने वकील लावला, तारखा घेतल्या, दोन वाढप्यांना फोडायचा प्रयत्न केला. कोणी फुटलं नाही. शेवटी मागचं सगळं थकलेलं वेतन भरपाईसह त्या पोरांच्या बँक खात्यात जमा झालं. तो डबा काउंटरवरून गेला. त्या रस्त्यावरच्या बाकी हॉटेलांतलेही असले डबे आपोआप गायब झाल्याचं मला कळलं, त्या दिवशी मी घरी जिलेबी नेली.

या केसने मला काय शिकवलं? पगाराला आपल्याकडे कायदा आहे, आता तर जुने कायदे एकत्र करून वेतन संहिताही आली आहे. पण वाढप्याच्या हातावर ठेवलेला पैसा त्याचाच, मालकाने त्याला हात लावायचा नाही, असं सरळ सांगणारं कलम मी शोधलं, मला सापडलं नाही. आमचं नशीब की त्या मामांनी टिळा लावला आणि मालक वऱ्हाडी होता. ज्याला कोणी टिळा न लावता ताटलीखाली नोट ठेवून जातं, त्याचं काय? त्याला मामा कुठून आणायचे? असा कायदा व्हायला पाहिजे आणि साध्या भाषेत व्हायला पाहिजे, म्हणजे तो ठाण्यातल्या शिपायालाही कळेल आणि वेटरलाही. हे मी जिथे भाषणाला बोलावतात तिथे सांगतो. काही लोक जांभया देतात, देऊ देत.

फिर्याद दाखल झाल्यावर चारपाच दिवसांनी मला एक फोन आला. बोलणारे गृहस्थ संकोचत होते. त्यांच्या मुलासाठी बाळापूरकडची एक मुलगी पाहिली होती, सगळं पसंत होतं, पण कानावर काहीबाही आलं होतं.

“साहेब, पोरीच्या भावाचं नाव तुमच्या ठान्यात हाय म्हनते. खरं हाय काय?”

मी म्हणालो, “आहे. फिर्यादी म्हणून. मालकाविरुद्ध.”

पलीकडे त्यांनी घरात कोणाला तरी हाक मारलेली मला ऐकू आली, “अवं, तारीख पाहा.”