सेवकाची एकच जागा

दानिएल भैयाची फाईल भोपाळच्या ट्रस्ट ऑफिसमधून परत आली. शेरा: पद रिक्त नाही.

दानिएल भैया आमच्या मिशन हॉस्पिटलचा सेवक, म्हणजे प्यून. अकरा वर्षं कॉन्ट्रॅक्टवर. पर्मनंट व्हायची वयोमर्यादा तो पुढच्या महिन्यात ओलांडणार. आता पर्मनंट झाला नाही तर कधीच नाही.

कोण कोणत्या जागेवर, हे बघणं माझं काम. मंजूर पद म्हणजे बसमधली सीट, एकीवर एकच माणूस. सेवकाची एक सीट रिकामी होती, मला पाठ होतं. कॉम्प्युटर उघडला, तर तिच्यावर आमचे नवे डायरेक्टर, रेव्हरंड साहेब, बसलेले.

आल्या दिवशी चॅपलमध्ये साहेब म्हणाले होते, मी डायरेक्टर नाही, तुमचा सेवक. लगेच फ्रीगंजच्या बाजारातून पितळी नेमप्लेट आली: 'सेवक'. ती लागली एसी केबिनच्या दारावर. आत जायला आधी चिठ्ठी पाठवावी लागे. मग लेखी आदेश: रेकॉर्डमध्येही हेच पदनाम करा. आमच्या घरात कॉलेज केलेला पहिला मी. लेखी आदेश म्हटला की अक्षर न् अक्षर पाळतो. सॉफ्टवेअरच्या यादीत 'सेवक' एकच होता, चौथ्या श्रेणीतला. तोच निवडला. चूक माझीही, हे कबूल.

चिठ्ठी पाठवून आत गेलो.

"सर, सेवक का पद एक ही है, और उस पर आप बैठे हैं."

साहेब हसले. "अरे भाई, वो तो भावना है."

"भावना लिखित में आई थी, सर."

दुसरा नम्र शब्द सुचव म्हणाले. यादी वाचली: चौकीदार, वॉर्डबॉय, सफाईकर्मी. तिन्ही जागा रिकाम्या होत्या. साहेबांना त्यांत भावना दिसेना. मग मी सेवकाचे नियम वाचले. खाकी ड्रेस, दिवसातून चार वेळा हजेरीच्या मशीनवर अंगठा, केबिन नाही.

"केबिन भी नहीं?"

"स्टूल है सर. दरवाज़े के बाहर."

पाच मिनिटांत सही झाली. साहेब पुन्हा डायरेक्टर.

दानिएल भैयाची ऑर्डर मुदतीच्या चार दिवस आधी आली. त्या रविवारी साहेबांनी प्रवचनात सांगितलं, एका गरीब भावासाठी मी माझं पद सोडलं. बायकांनी डोळे पुसले. दानिएल भैया माझ्याकडे वाकून म्हणाला, "भाऊसाब, पद तो मेरा ही था न?"

खाली उतरायला कुणाची मनाई नाही. फक्त त्या पायरीवर आधीच कुणी उभं आहे का, ते बघून उतरावं.