मिठाच्या बर्फातल्या बाटल्या

आपला मासा शिळा आहे असं माझ्या सासूबाईंनी आयुष्यात एकदाही कबूल केलं नव्हतं. गिऱ्हाईक कल्ले उचलून बघायला लागलं की त्या पाटीवर हात आडवा धरायच्या आणि म्हणायच्या, "माझा माल खराब? कंदी न्हाय." थळच्या कोळीवाड्यातून निघून आसपासच्या गावांतली ठरलेली घरं त्या रोज पायी घ्यायच्या आणि त्यांचा आवाज त्यांच्याआधी तिथे पोचायचा. मी चौलच्या सुपारीच्या वाडीतून लग्न होऊन आले, तेव्हा पहिलं वर्ष मला वाटायचं की या माझ्याशी भांडतायत. मग कळलं, त्या नुसत्या बोलतायत.

माझी मुलगी दुसरीत असताना तिला टाइप वन मधुमेह निघाला. म्हणजे तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, ते रोज बाहेरून टोचावं लागतं, आणि टोचलं नाही तर काही दिवसांत मूल हाती लागत नाही. सासूबाईंना हे पटायलाच तयार नव्हतं. "साखर मी खाते तोबरे भरभरून, न पोरीला कशी झाली गो?" असं त्यांनी मुंबईच्या डॉक्टर मॅडमना भर दवाखान्यात विचारलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी सासूबाईंना शेजारी बसवून घेतलं आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. इन्सुलिन गार ठेवायचं, उन्हात ठेवायचं नाही, हेही सांगितलं. सासूबाईंनी त्यातलं "गार ठेवायचं" एवढं मनात पक्कं केलं. गार ठेवण्यातलं त्यांना कोण शिकवणार होतं?

मग कोरोना आला आणि मांडव्याहून मुंबईला जाणाऱ्या बोटी बंद झाल्या. तेव्हापासून मॅडम आमच्या घरी फोनमधून यायला लागल्या. मी मुलीचं ताट फोनसमोर धरायची. "भात थोडा जास्त झालाय," त्या म्हणायच्या. मागून सासूबाई ओरडायच्या, "भात न्हाय खाल्ला तं पोर वाढंल कशी?" मॅडम त्यांच्याशीही तितक्याच शांतपणे बोलायच्या. त्यांच्या स्वतःच्या हॉस्पिटलात तेव्हा काय चाललं असेल, देव जाणे. आम्हाला मात्र त्यांनी कधी घाई दाखवली नाही. आजही कुणी डॉक्टरांच्या नावाने बोटं मोडायला लागलं की माझा पारा चढतो.

अलिबागच्या दुकानांत इन्सुलिन मिळेनासं झालं, तेव्हा मॅडमनीच कुठे कुठे फोन करून तीन महिने पुरतील एवढ्या बाटल्या मिळवून दिल्या. नवऱ्याने पास काढला, जाऊन त्या आणल्या, आणि मी फ्रीजच्या दारात ओळीने लावल्या. मला आठवतं, त्या दिवशी मी उगाचच दोन-तीनदा फ्रीज उघडून बघितला.

त्याच आठवड्यात वादळाची सूचना आली. वादळाच्या दिवशी सकाळीच वीज गेली. नवरा होडी वर ओढायला किनाऱ्यावर गेला, मी मुलीला आणि कपड्यांची बोचकी घेऊन शाळेच्या पक्क्या इमारतीत गेले. इन्सुलिन घ्यायला घरी परतणार, तोच सासूबाई आल्या. "औषदाची काळजी करू नको, मी नीट ठेवलंय," म्हणाल्या. माझ्या पिशवीत चालू असलेल्या बाटल्या होत्याच. वारा एवढा सुटला होता की पुढे काही विचारायला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी घरी आलो तर अर्धी कौलं अंगणात होती, पण ओटीवरची माशांची मोठी पेटी जागची हलली नव्हती. सासूबाईंनी अभिमानाने झाकण उघडलं. होडीच्या शेवटच्या फेरीतून उरलेला बर्फ, त्यावर खडेमीठ मारलेलं, आणि पार तळाशी, जिथे त्या सगळ्यात भारी सुरमई ठेवायच्या, तिथे प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या सगळ्या बाटल्या. मीठ मारलं की बर्फ जास्त गार होतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. घरातली सगळ्यात मोलाची वस्तू त्यांनी घरातल्या सगळ्यात भरवशाच्या जागी ठेवली होती. बाटल्यांमध्ये बर्फाच्या सुया झाल्या होत्या.

गोठलेलं इन्सुलिन मेलेलं असतं. मी किंचाळले. काय काय बोलले ते लिहीत नाही, पण कोळीवाड्यात लहानाची मोठी झाल्यासारखी बोलले. सासूबाईंनी एक बाटली तळहातावर घेतली, ती वितळेपर्यंत धरली आणि उजेडात बघितली. "बघ की, चांगलं दिसतंय." खरंच अगदी स्वच्छ पाणी दिसत होतं. तेव्हा मी म्हटलं, "डोळे चकचकीत दिसले तरी कल्ले काळे पडलेत हो, आई."

त्यांना लगेच समजलं. त्या खाली बसल्या. मी त्यांना इतकं गप्प कधीच बघितलं नव्हतं आणि खरं सांगते, वादळापेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटली.

चालू बाटल्यांपैकी रात्रीच्या इन्सुलिनची भरलेली होती, जेवणाआधीच्या इन्सुलिनची तळाला आली होती. फोन बंद. रस्त्यांवर झाडं. नवरा मिळेल त्या वाहनाने आणि नाही तर चालत अलिबागला निघाला. सासूबाई उठल्या, कासोटा घट्ट केला, पाटी न घेताच बाहेर पडल्या. मुलीला शेजारणीकडे सोपवून मी त्यांच्यामागे धावले.

त्या आपल्या ठरलेल्या घरांच्या वाटेने निघाल्या. प्रत्येक दारात, आतल्या बाईला बाहेर यायचाही वेळ न देता, त्याच मासेविक्रीच्या आवाजात ओरडल्या, "पोरीचं औषद मी नासवलं. मीच. बर्फान घातलं न मीठ मारलं. साखरेचं इंजेक्शन कुनाकडं हाय का?" लोक आपापली छपरं बघत उभे होते, तरी ऐकायला थांबत होते. एका ठिकाणी आजोबांची बाटली मिळाली, पण तिच्यावरचं इन्सुलिनचं नाव वेगळं होतं. दुसऱ्या घरी गोळ्या निघाल्या. प्रत्येक दारात त्यांनी तेच सांगितलं, एक शब्द कमी न करता. मी एकदा हळूच म्हटलं, "आई, तुमच्या हातून झालं हे कशाला सांगता?" तर म्हणाल्या, "खोटं सांगून मागू काय?"

पलीकडच्या गावात मशिदीच्या मागे एक घर होतं. घरधनी कतारला अडकलेला, घरी बायको आणि तरणी मुलगी. सासूबाईंचं बोलणं ऐकून ती बाई दारात आली. रस्त्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मावशी, बाहेर का उभ्या? आत या." आम्ही आत गेल्यावर तिने दार लावलं. मातीच्या मडक्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या दोन बाटल्या तिने काढल्या. मी नाव वाचलं. तेच होतं. अक्षर न् अक्षर तेच.

"माझ्या पोरीला पण तेच आहे," ती म्हणाली. "गावात कुणाला माहीत नाही. तिचं लग्न व्हायचंय, मावशी." आणि दोनातली एक बाटली तिने माझ्या हातात ठेवली. तिलाही नवी कधी मिळणार ते माहीत नव्हतं. मी तिचे हात धरले आणि रडले, मास्क पार भिजला. तोंडाने आभार मात्र नीट मानता आले नाहीत. तेच आज मानते आहे.

त्या बाटलीवर आमचे दिवस निघाले. नवरा अलिबागहून रिकाम्या हाताने आला होता, पण मॅडमना निरोप पोचवून आला होता, आणि रस्ता मोकळा झाल्यावर नवा साठा आला. पहिली बाटली आम्ही त्या घरी पोचवली. सासूबाईंचा आवाज अख्खा किनारा ऐकतो, पण त्या घरातली गोष्ट त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडली नाही. आता ती मुलगी लग्न होऊन रोह्याला असते, स्वतःच सगळ्यांना सांगते, आणि माझ्या लेकीशी फोनवर साखरेचे आकडे ताडून बघत खिदळते. तिला विचारूनच हे लिहिलंय, तरी नाव नाही लिहीत.

सासूबाई अजून पाटी घेऊन निघतात, थोडी घरं कमी केलीत एवढंच. कुणी कल्ले उचलले की अजूनही हात आडवा येतो, "माझा माल खराब? कंदी न्हाय!" फक्त मशिदीमागच्या त्या एका दारात त्या पाटी खाली ठेवतात, पापलेटाचे कल्ले स्वतःच्या बोटांनी उघडून त्या बाईसमोर धरतात आणि हळू आवाजात म्हणतात, "बघून घे, बाय. माझ्या हातून पन नासतं."